कर्मवीर भाऊराव पाटील आणि विद्यार्थ्याची कमाई

गतवर्षीच्या गुणगौरव समारंभात दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावे वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले होते. प्रत्येकाच्या नावामागोमाग दोन शब्द बोलावेत अशी आपल्याकडे प्रथा असल्यामुळे आम्ही अगोदर पालकांकडे चौकशी करून टिपणे काढून ठेवतो. त्यांत एका मुलाविषयी कळले की, तो नववीपासून पहाटे साडेचारला उठून डोंबिवली पूर्वेच्या चार-पाच इमारतींत दुधाच्या पिशव्या पोहोचवितो, नंतर स्नान करून शाळेस जातो, आणि एवढे करून त्याने उत्तम गुण मिळविले आहेत. आम्हांस फार संतोष वाटला. परंतु समारंभ सुरू होण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी आम्हांस एका बाजूस नेऊन, तेवढे दुधाचे सभेत सांगू नये, अशी विनंती केली. घरात लग्नाची मुलगी आहे, ज्ञातीतली माणसे काय समजतील, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही ते वाक्य गाळले. मुलगा व्यासपीठावर आला, शाल, पुस्तक व पाकीट घेऊन खाली उतरला, आणि त्याच्या आयुष्यातील जी गोष्ट सर्वांत सांगण्याजोगी होती ती न सांगताच टाळ्या वाजल्या.

ती गोष्ट मनास लागून राहिली. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावा अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा दुसरे नाव सुचलेच नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे काही आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आणि ठाणे, कल्याण वा डोंबिवलीचेही नव्हेत. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूरकडून पोटासाठी इकडे येऊन स्थायिक झालेल्या ज्या हजारो कुटुंबांनी ही शहरे भरली आहेत, त्यांतील कित्येकांच्या घरी पहिला शिकलेला माणूस रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतून बाहेर पडलेला असतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात वाशी येथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय १९७९ पासून चालू आहे. तेव्हा हा पुरुष आपणांस परका नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरनजीकच्या कुंभोज गावी झाला. वडिलांचे नाव पायगौंडा, मातोश्रींचे गंगाबाई. घराणे जैन, आणि पुढे ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावलेले. वडील महसूल खात्यात कारकुनी करीत असल्याने बदलीच्या गावी मुलाचे शिक्षण व्हायचे. प्राथमिक शिक्षण असे गावोगाव आटोपल्यावर १९०२ च्या सुमारास त्यांस कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये घातले व राहण्याची सोय जैन बोर्डिंगात केली.

येथे थोडे थांबले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, पैसा दिला. त्या काळी एका पंक्तीस मुले बसविणे दुरापास्त होते. ज्या त्या जातीने आपापली मुले शिकवावीत, मग शिकलेली मुलेच पुढे भिंती पाडतील, असा महाराजांचा व्यवहारी हिशेब असावा असे आम्हांस वाटते. आपल्या संघासारख्या ज्ञातिसंस्थांचा जन्मही त्याच हवेत झाला, हे विसरता येत नाही. भाऊराव अशाच एका ज्ञातिवसतिगृहात वाढले, आणि त्याच वसतिगृहातून त्यांस बाहेर काढण्यात आले. चरित्रकार सांगतात की, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास हा मुलगा गेला आणि परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, हा हुकूम त्याने मानला नाही. अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे हे विद्वान व कर्ते गृहस्थ. १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही झाले. पण त्या दिवशी त्यांनी नियम पाहिला, मुलगा पाहिला नाही. शाळामास्तर म्हणून आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास अशा चुकीची ओळख चांगली आहे. भाऊराव महाराजांच्या आश्रयास गेले.

अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती. कुस्ती, पोहणे, मैदान यांत जीव रमे. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी सरकली नाही आणि मॅट्रिकची परीक्षा राहूनच गेली. पुढे ज्यांनी शेकडो शाळा काढल्या ते स्वतः मॅट्रिक नव्हते, हे सांगताना पुष्कळ वक्ते सभागृहाकडे पाहून हसतात. आमचे स्वतःचे शिक्षणही मॅट्रिकपुढे गेले नसल्यामुळे आम्हांस त्यात हसण्याजोगे काही दिसत नाही. शिक्षण अर्धवट सुटल्याची बोच ज्यास असते, तो दुसऱ्याचे सुटू नये म्हणून जास्त धडपडतो, एवढेच.

कुंभोजच्या पाटील घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह झाल्यावर पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. सातारा येथे त्यांनी मुलांच्या खाजगी शिकवण्या धरल्या व लोक त्यांस पाटील मास्तर म्हणू लागले. पुढे १९१४ साली कोल्हापुरात बादशाही पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांजविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर फार दडपण आणले गेले, कोठडीत छळ झाला, जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत पाळी आली. पण ज्या गृहस्थांनी आपणांस वसतिगृहातून काढले त्यांच्याविरुद्ध खोटे बोलण्यास ते तयार झाले नाहीत.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी फिरत्या विक्रेत्याचे काम केले. आधी ओगल्यांच्या काच कारखान्याचे कंदील, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. गावोगाव जायचे, शेतकऱ्यास नांगर चालवून दाखवायचा, त्याच्या ओसरीवर भाकर खायची आणि त्याची पोरे गुरांमागे का जातात, शाळेत का जात नाहीत, हे विचारायचे. पुढे साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी अंग घातले. नफ्यातील वाटा शिक्षणास मिळेल या आशेने ते गुंतले होते. ती आशा फळास आली नाही आणि त्यांनी तो संबंध तोडला. ही विक्रेत्याची वर्षे चरित्रांतून दोन पानांत उरकली जातात. आमच्या मते त्यांचे खरे महाविद्यालय हेच. शेतकऱ्याच्या घरात पैसा नाही, पण अंगात बळ आहे व कामाची लाज नाही, आणि फीसाठी पैसाच मागितला तर हे घर कधीच शिकणार नाही, हे त्यांनी तेथे पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. भाऊराव सत्यशोधक विचाराचे असल्याने त्या मंडळींचे बळ पाठीशी होते. काले, नेर्ले अशा खेड्यांत लहान बोर्डिंगे निघाली, आणि १९२४ मध्ये संस्थेने आपले ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहू लागली, एका चुलीचे जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढविली त्याचेच नाव सर्व जातींच्या वसतिगृहास देण्यात भाऊरावांचे त्याच्यावरील प्रेमही होते, आणि त्याचे राहिलेले काम आपण पुढे नेले ही जाणीवही असली पाहिजे.

या बोर्डिंगात नोकर म्हणून कोणी नसे. दळण मुलांनी दळायचे, पाणी मुलांनी आणायचे, भाकरी मुलांनी थापायच्या, आवार मुलांनी झाडायचे, भाजीचे वाफे मुलांनी राखायचे. पुढे धनिणीच्या बागेत संस्थेचा पसारा वाढला तेव्हा जमीन सपाट करणे, दगडमाती वाहणे, बांधकामास हात लावणे हेही मुलांकडे आले. खेड्यांतील बायाबापड्या रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूस काढून संस्थेस देत, त्यास मुष्टिफंड म्हणत. तरीही कोठी पुष्कळदा रिकामी पडे. एकदा सणाच्या दिवशी मुलांच्या पानात काही घालण्यास नाही, असे पाहून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले. बाकीचे दागिने आधीच गेलेले होते. १९३० साली ही माउली गेली. भाऊरावांचे पुतळे गावोगाव उभे राहिले, लक्ष्मीबाईंची आठवण मात्र त्या मानाने थोडी काढली जाते, हे आमच्या मनास खटकते.

वरवर पाहता हे काटकसरीचे उपाय वाटतील. पैसा नव्हता म्हणून मुलांकडून कामे करून घेतली, एवढाच त्यांचा अर्थ कोणी लावील. परंतु जात म्हणून जी गोष्ट आपण मानतो तिचा अर्धा भाग कोणी कोणते काम करावे यातच आहे. झाडणे एकाचे, पाणी भरणे दुसऱ्याचे, हिशेब लिहिणे तिसऱ्याचे. ज्या घरी पाटीलकी होती त्या घरच्या मुलाने खराटा धरला आणि ज्याच्या बापाचा खराट्यावाचून दुसरा व्यवसाय गावाने मानला नव्हता, त्याच्या मुलाने त्या दिवशी भाकरी वाढली, म्हणजे काय घडले हे सांगण्यास व्याख्यानाची जरुरी राहत नाही. भाऊरावांनी जातिभेदावर भाषणे केलीच, पण कामाची पाळी लावून त्यांनी जे साधले ते भाषणांनी साधले नसते.

१९३५ साली संस्थेने साताऱ्यास शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले, आणि तेथून तयार झालेल्या मास्तरांच्या बळावर डोंगराळ मुलखात शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. आमच्या विषयाच्या दृष्टीने हे वर्ष महत्त्वाचे. हायस्कूलच्या वयाच्या मुलास फी नाही, राहण्याचे व जेवणाचे दाम नाही, त्याबदली त्याने रोज ठराविक वेळ अंगमेहनत करावी, असा हा बेत होता. कमवा आणि शिका हे शब्द पुढे सर्वतोमुखी झाले ते या मार्गाने. जून १९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज याच पायावर उभे राहिले, आणि १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. गाडगेबाबांचे नाव देण्यात औचित्य होते. सभेआधी हाती खराटा घेऊन गाव झाडणारा तो साधू आणि हा दाढीवाला, खादीधारी शिक्षणवेडा पाटील यांचा परस्परांवर फार लोभ होता. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा भाऊरावांनी संकल्प सोडला, आणि सरकारी अनुदान बंद पडण्याचा प्रसंग येऊनही कामास लागले.

अशा रीतीने शिकलेल्यांपैकी एकाचे नाव घ्यावयाचे तर बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे घेता येईल. शाहू बोर्डिंगातील हा विद्यार्थी विलायतेस जाऊन परत आला तो संस्थेच्याच सेवेत रुजू झाला, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

साता समुद्रांपलीकडे याच तऱ्हेचे काम आधी एकाने केलेले होते. अमेरिकेतील बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामीत जन्मले. हॅम्प्टनच्या विद्यालयात खोल्या झाडण्याचे काम करून त्यांनी आपला खर्च भागविला आणि १८८१ पासून टस्कीगी येथे स्वतःची संस्था चालविली. तेथील विद्यार्थ्यांनी विटा स्वतः भाजल्या व इमारती स्वतः बांधल्या. भाऊरावांस त्यांची उपमा दिली जाते ती योग्यच आहे. मात्र त्या संस्थेत एकाच पीडित वर्णाची मुले होती. साताऱ्यात पीडणारे आणि पीडिले गेलेले यांची मुले एकाच जात्यावर बसली, हा फरक आम्हांस मोठा वाटतो.

आता आमच्या एका चुकीविषयी लिहिणे भाग आहे. नोकरीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला नित्य पेंगत असे. आम्ही त्यास दोन वेळा बाकावर उभे केले, एकदा वर्गाबाहेर घालविले. पुष्कळ दिवसांनी समजले की तो एका उपाहारगृहात रात्री बारापर्यंत कपबशा विसळीत असे, आणि मालक महिन्याचे पैसे अर्धेच देत असे. त्याने शाळा सोडली. तेव्हा विद्यार्थ्याच्या कमाईचे गोडवे गाताना आम्ही तो मुलगा विसरत नाही. भाऊरावांच्या बोर्डिंगातील मुलगाही राबत होता आणि हाही राबत होता. मग अंतर कशाचे? तेथे कामाचे तास ठरविणारा माणूस आणि अभ्यासाची चौकशी करणारा माणूस एकच होता. मुलाच्या श्रमाचे फळ मुलाच्याच ताटात व वहीत पडत होते. आजच्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे मना आहे, शाळेव्यतिरिक्तच्या वेळी घरच्या कामात हातभार लावण्याचा अपवाद आहे, आणि १४ ते १८ वयाच्या मुलास धोक्याच्या कामावर घेता येत नाही. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली ही दुरुस्ती झाली आहे. ती प्रत्येक पालकाने व दुकानदाराने ध्यानात ठेवावी. गरिबी ही शाळा आहे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. साताऱ्याच्या मुलांपुढे दुसरा मार्ग नव्हता, हेही खरे आहे.

पण ज्यांच्यापुढे मार्ग आहे त्यांची स्थिती काय? आपल्याकडील आठवी ते दहावीचा मुलगा सकाळी शाळेत, दुपारी क्लासात, रात्री हातातल्या फोनात असतो. शंभराची नोट त्याच्या खिशात असते, पण ती कशी येते याची त्यास गंधवार्ता नसते. दिवाळीच्या आधी स्टेशनबाहेर उटणे, पणत्या व कंदील विकणारी मुले आम्ही पाहतो. गणपतीच्या आधी कल्याणकडे मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामास हात लावणारी पाहतो. गिऱ्हाइकाशी बोलणे, उरलेला माल मोजणे, उधारी मागताना शरम न वाटणे, हे त्यांस आम्ही वर्गात शिकवू शकलो नसतो. व्याजाचे गणित फळ्यावर शंभर वेळा सोडवून जे डोक्यात शिरत नाही, ते पन्नास कंदिलांची गुंतवणूक अडकून पडली की एका रात्रीत शिरते. पुणे विद्यापीठात भाऊरावांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते, इतर विद्यापीठांतही तशा योजना आहेत. महाविद्यालयातील गरजू विद्यार्थ्यास त्यांचा आधार होतो. हायस्कुलाच्या मुलासाठी मात्र, ज्यासाठी १९४० साली मूळ प्रयोग झाला, आसपास असे काही चाललेले आमच्या पाहण्यात नाही.

१९५९ हे भाऊरावांच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष. त्या वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले, आणि मॅट्रिक न झालेल्या या माणसास पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. देह तोपर्यंत थकला होता. ९ मे १९५९ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यास चार भिंतींच्या परिसरात त्यांची समाधी आहे. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, आणि त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्रात व कर्नाटकातही टेकल्या आहेत.

आपल्या संघाच्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून दरवर्षी वह्या व रोख मदत दिली जाते. मुलास व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून ती दिली जाते, आणि घेणाऱ्याची मान खाली असते हे आम्ही गेली कित्येक वर्षे पाहत आहोत. कार्यकारिणीपुढे आम्ही एक लेखी सूचना ठेवली आहे. ज्ञातिगृहाच्या वाचनालयातील पुस्तकांची नोंद नव्याने करावयाची आहे, सभासदांच्या याद्या संगणकावर उतरवावयाच्या आहेत, समारंभाच्या दिवशी दालनाची व्यवस्था पाहावयाची आहे. ही कामे १४ वर्षांवरील विद्यार्थ्यांस रविवारी दोन तास आणि मे महिन्याच्या सुटीत द्यावीत, निधीतील पैसा मदत म्हणून न देता मेहनताना म्हणून द्यावा, आणि परीक्षेआधी दोन महिने काम बंद ठेवावे. मुलाचे मागील गुणपत्रक पाहून तास कमी-जास्त करण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

एवढ्यापर्यंत कार्यकारिणीतील बहुतेकांची संमती आहे. आमच्या सूचनेचे शेवटचे कलम असे की, या कामासाठी ज्ञातीची अट असू नये. शेजारच्या चाळीतला कोणत्याही जातीचा मुलगा अर्ज घेऊन आला तर त्यास घ्यावे. या कलमावर मतभेद झाला. निधी ज्ञातिबांधवांनी जमविला आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. दूध पोहोचविणाऱ्या त्या मुलाच्या वडिलांस सभेचे निमंत्रण आम्ही स्वतः जाऊन देणार आहोत.